गरम पाण्याच्या गावात बाबांचा कॅमेरा

बाबा सिंगापूरला माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. सगळी नोकरी त्यांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर म्हणून केली होती. लेणी, किल्ले, वीरगळ, खणतीत निघालेली मडकी आणि मणी, मराठवाड्यातलं असं बरंच काही त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. पण कॅमेरा खात्याचा होता. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो पुसला, लेन्सला टोपी लावली, भांडारपालाकडे जमा केला आणि सही घेऊन घरी आले. सरकारी फिल्मवर घरचे फोटो काढायचे नाहीत हा त्यांचा नियम होता, त्यामुळे आम्हा भावंडांचे लहानपणचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि तेही जत्रेतल्या स्टुडिओत काढलेले.

आई गेल्यावर दोन वर्षांनी ते आले. सार्सच्या साथीलाही तेवढाच काळ लोटला होता. मी बुओना व्हिस्टाला एका संशोधन संस्थेत होते, काचेवर चढवायच्या पातळ लेपांवर माझं काम चाले. नवरा बँकेच्या आयटीत, मुलगी दुसरीत. चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. सकाळी सात वाजता आम्ही तिघं बाहेर पडलो की बाबा एकटे. दुपारभर ते कॉमन कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसत आणि समोरच्या ब्लॉकवर ऊन कसं सरकतं ते बघत. संध्याकाळी मला सांगत, "साडेचारला तो तिसरा जिना उजळतो. दहाच मिनिटं."

मला वाटलं, माणसाला कॅमेरा द्यावा. मी डिजिटल घेऊन आले, खिशात मावणारा. बाबांनी तो आठवडाभर मन लावून वापरला. मग धुतलेल्या रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. चांगला आहे म्हणाले, पण शटर कधी पडलं ते बोटाला कळत नाही.

मुलीने तो लगेच ताब्यात घेतला. "आजोबा, यू डोन्ट वॉन्ट, आय टेक लाह," असं शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून तिने पहिल्याच दिवशी लिफ्टचे चाळीस फोटो काढले.

शेवटी तोआ पायोहच्या बाजारात मला एक जुनं दुकान सापडलं. पुढे पासपोर्ट फोटो आणि फ्रेमा, मागे लाल दिव्याची खोली आणि काचेच्या कपाटात वापरलेले कॅमेरे. दुकानदार चिनी गृहस्थ, बाबांच्याच वयाचे. सगळे त्यांना अंकल म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. शनिवारी मी बाबांना तिथे घेऊन गेले. अंकलना इंग्रजी थोडं येत होतं, बाबांनाही थोडं. अंकलनी कपाटातून एक काळा, जड, बॅटरीशिवाय चालणारा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. बाबांनी तो उचलला, मागचं झाकण उघडलं, शटर कानाशी नेऊन तीन-चार वेळा वाजवलं आणि म्हणाले, "वन-थर्टीएथ इज स्लो," म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाचं शटर रेंगाळतंय.

अंकलनी कॅमेरा परत घेतला, स्वतःच्या कानाशी नेला आणि मान डोलावली. पुढच्या शनिवारी या, दुरुस्त करून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. मात्र रोल धुवायला इतर कुठे न्यायचे नाहीत, इथेच आणायचे, एवढी त्यांची अट होती. अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बाबांचा स्वतःचा कॅमेरा झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी जर्मनीत कार्ल्सरूहला परिषद होती. मी बाबांना बरोबर न्यायचं ठरवलं. ते लाँग टर्म व्हिजिट पासवर होते, त्यामुळे व्हिसाचे कागद जमवताना बरीच पळापळ झाली, पण मिळाला. परिषदेच्या चार दिवसांत ते खोलीत आणि आसपासच्या बागेत राहिले. नंतरचे दोन-तीन दिवस आमचे होते. कुठे जायचं? माझ्या डोक्यात मोठी शहरं होती. परिषदेतल्या एका बाईंनी सांगितलं की गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर बाडेन-बाडेन आहे. डोंगरातून उकळतं पाणी येतं, रोमन लोकांपासून माणसं तिथे आंघोळीला येतात, युरोपातले राजेरजवाडे तिथे उन्हाळा काढायचे. मी ते बाबांना सांगितलं.

"गरम पाण्याचं गाव?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "जाऊ."

गुरुवारी दुपारी पोचलो. मी आजवर इतकं नेटकं गाव पाहिलेलं नव्हतं, आणि मी सिंगापुरात राहत होते. पण इथला नेटकेपणा वेगळा होता, जुना, मुरलेला. गावातून एक उथळ नदी जाते. नदी कसली, ओढाच, पण तिच्या तळालासुद्धा दगड बसवलेले, आणि पलीकडे जायला ठिकठिकाणी लोखंडी नक्षीचे छोटे पूल, जणू प्रत्येक घराला आपला आपला. नदीच्या काठाने मोठमोठ्या झाडांखालून रस्ता जातो. झाडं पिवळी आणि तांबूस झाली होती. बाकांवर वयस्क माणसं कोट घालून बसली होती. कुणाला कसली घाई नव्हती. सिंगापूरला बाकावर बसलेला माणूससुद्धा कुणाची तरी वाट बघत असतो.

मी डिजिटल कॅमेरा बरोबर आणला होता, मुलीची परवानगी काढून. पहिल्या दोन तासांत मी दीडशेच्या वर फोटो काढले. बाबांनी एकही नाही. कॅमेरा गळ्यात, हात पाठीमागे, ते नुसते चालत होते. मध्येच थांबत, वर बघत, घड्याळ बघत, खिशातल्या वहीत काहीतरी टिपत. जुन्या स्नानगृहाच्या तळघरात रोमन हमामाचे अवशेष आहेत. तिथे काचेपलीकडे विटांचे बुटके खांब ओळीने उभे दिसतात, त्यावर फरशी टाकलेली, म्हणजे खालून गरम हवा खेळवून वरची जमीन तापवायची. ते बघताना मात्र बाबांची कळी खुलली. आमच्या मराठवाड्यातल्या तेर गावच्या खणतीत याच काळात रोमहून आलेल्या मालाचे तुकडे निघाले होते, त्यांचे फोटो मीच काढले, असं ते मला सांगत राहिले. तिथल्या रखवालदारालाही सांगितलं. त्याला काही कळलं नसावं, पण तो आदराने ऐकत होता.

तरी फोटो नाही. संध्याकाळी मी जरा वैतागूनच विचारलं की इतक्या लांब येऊन एकही फोटो काढला नाही?

"ऊन कुठून कुठे जातं ते आज बघितलं," ते म्हणाले. "काढायचं उद्या."

शुक्रवार लख्ख उजाडला. मला नाश्त्याची वेळ चुकवायची नव्हती. लॉजची मालकीण नऊनंतर टेबल आवरून टाकी. बाबा खिडकीशी बसून रोल भरत होते आणि मी दारात उभी राहून चला चला म्हणत होते. ते आले. नाश्ता करून आम्ही बाहेर पडलो आणि मग मी त्यांना काम करताना बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, कारण त्यांच्या फिरतीवर घरच्यांना कधीच नेलं जात नसे.

उद्यानाच्या एका बाजूला पाणी पिण्यासाठी बांधलेली जुनी इमारत आहे. पूर्वी लोक सकाळी तिथे जमून पेल्यातून गरम पाणी पीत आणि लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. व्हरांड्याला सोळा उंच खांब, आतल्या भिंतीवर त्या मुलखातल्या दंतकथांची चित्रं. बाबा खांबांच्या टोकाशी उभे राहिले आणि खांबांच्या सावल्या चित्रांच्या कडेपर्यंत सरकायची त्यांनी पंचवीस मिनिटं वाट पाहिली. मग एकच फोटो. त्यानंतर नदीचा तिसरा पूल, टेकडीवरच्या पायऱ्या, चर्चमागचा बोळ. प्रत्येक जागा काल ठरलेली होती. प्रत्येक जागी एक, फार तर दोन. गुडघा टेकायचा, श्वास धरायचा, शटर, आणि अंगठ्याने फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढायचा. मला त्यांचं इतकं कौतुक वाटत होतं की मी माझा कॅमेरा बराच वेळ खिशातच ठेवला.

स्नानगृहापाशी उतरत्या रस्त्यावर भिंतीत एक साधा नळ आहे. त्यातून तेच डोंगरातलं पाणी सतत वाहतं. खाली दगडी कुंडी, भोवती वाफ. एक सत्तरीच्या बाई तिथे बाटली भरत होत्या. तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, शेजारी चाकांची पिशवी.

बाबा चार पावलं आधीच थांबले. मला हळूच म्हणाले, "इथे पाणी घ्यायचं तर कुणाला विचारावं लागतं?"

मी पाटी शोधली. परवानगीचं काही नव्हतं. कुणालाच नाही, मी म्हणाले, रस्त्यावरचा नळ आहे.

ते तिथेच उभे राहिले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरी कधी काढली नव्हती. त्यांच्या आजोळी, कोकणात, गावाबाहेर गरम पाण्याचं कुंड होतं. कुंडाला पायऱ्या होत्या. वरच्या आळीतले लोक पायऱ्या उतरून पाण्यात बसत. आपल्या लोकांसाठी शंभर पावलं खाली चर होता, कुंडातून वाहून आलेलं पाणी तिथपर्यंत येईस्तोवर कोमट आणि गढूळ होई. त्यांच्या मावशीचे सांधे धरले होते. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. मावशीला कढत पाणी मिळावं म्हणून ते तांब्या घेऊन पायऱ्यांकडे गेले आणि पहिल्याच पायरीवर एकाने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. मारलं नाही. तांब्या मात्र हातातून सुटून पायऱ्या उतरत कुंडात गेला. "तो आणायला मी परत जाऊ शकत नव्हतो, आणि वर कुणी आणून देणार नव्हतं," बाबा म्हणाले. "मावशी मला रागावली नाही. तांब्या गेला तर गेला, घरी मडक्यानेच पाणी पिऊ म्हणाली."

बाबांनी पुढे होऊन नळाखाली सरळ हात धरला आणि चटकन मागे घेतला. पाणी उकळतंच होतं. बाई हसल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून एक छोटा पेला काढला, भरला, कुंडीच्या काठावर ठेवला आणि बोट वर करून खुणेने सांगितलं, थांबा. तिघंही आम्ही त्या पेल्याकडे बघत थांबलो. मग बाबा त्यातून घोट-घोट पाणी प्याले. खारट होतं. मीही प्याले.

बाईंना बेताचं इंग्रजी येत होतं. आम्ही कुठून आलो त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले सिंगापूर, आणि त्यांचा चेहरा बघून पुढे म्हणाले, इंडिया. त्या जवळच राहत होत्या, पोटासाठी रोज एक बाटली नेत. बाबांनी त्यांचा फोटो काढायची परवानगी मागितली. त्यांनी रुमाल सारखा केला. नळ, वाफ, बाटली धरलेले हात आणि त्यांचा चेहरा. बाबांनी चार फोटो काढले, एका जागी त्यांनी काढलेले त्या दिवसातले सर्वांत जास्त. मग वही पुढे केली आणि पत्ता लिहून घेतला. फोटो पाठवीन, त्यांनी वचन दिलं.

दुपारी बाबांनी मला चकित केलं. त्यांना जुन्या स्नानगृहात आंघोळ करायची होती. मी पाटी वाचून दाखवली. तिथे अंगावर एक चिंधीही चालत नाही आणि काही दिवशी बायका-पुरुष एकत्र असतात. त्यांनी आज काय आहे ते विचारायला लावलं. सुदैवाने वेगवेगळं होतं. मी तिकीट काढून दिलं, कॅमेरा सांभाळायला घेतला आणि समोरच्या कॅफेत जाऊन बसले. ते तीन तासांनी आले, गुलाबी होऊन. मी काही विचारायच्या आत म्हणाले की घुमटाचं काम अप्रतिम आहे, फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, आणि आत कॅमेरा नेऊ देत नाहीत हे बरंच आहे. थोड्या वेळाने कॉफी ढवळत म्हणाले, "एका माणसाने साबण लावून ब्रशने माझी पाठ घासली. माझ्या आईनंतर कुणी घासली नव्हती."

साडेचारच्या सुमाराला आम्ही नदीकाठच्या बाकावर होतो. उतरत्या उन्हात झाडांची रांग पेटल्यासारखी दिसत होती आणि बाबा शेवटचे फोटो घेत होते. आकडा छत्तीसवर गेला, रोलही तेवढ्याच फोटोंचा असतो. खटका पुन्हा ओढला गेला. सदतीस. पुन्हा. अडतीस. बाबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. डाव्या बाजूची रोल गुंडाळायची कळ त्यांनी दोन बोटांनी फिरवली. ती सैल फिरत राहिली.

"फिल्म सरकलीच नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. त्यांनी शांतपणे समजावलं. रोलचं टोक पलीकडच्या रिळाच्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. सकाळपासून खटका ओढला जात होता, आकडा पुढे जात होता, शटर पडत होतं, पण फिल्म आपल्या डबीत होती तिथेच होती. सबंध दिवसातला एकही फोटो निघालेला नव्हता. सावल्यांची वाट पाहून काढलेला व्हरांडा नाही, पूल नाही, त्या बाई नाहीत. खटका ओढताना डावी कळ फिरते का हे बघायचं, हे आपण हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवायचो, ते म्हणाले. सकाळी मी दारात उभी राहून घाई केली होती. तो विषय त्यांनी काढला नाही. मीच काढला तेव्हा म्हणाले, "नाही बाळ. चष्मा कपाळावर होता आणि बोटं गारठली होती. माझं काम होतं, मीच बघायचं."

माझे फोटो आहेत ना, मी म्हणाले. तीच ठिकाणं आहेत, छान आली आहेत. त्यांनी माझा कॅमेरा घेतला, छोट्या पडद्यावर बरेच फोटो बघितले, दोन-तीनांचं कौतुक केलं आणि परत दिला. ते तुझे आहेत, एवढंच बोलले. रात्री आम्ही जेवायला बसलो. त्यांनी सूप अर्धं ठेवलं. मला त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं.

शनिवारी दुपारी दोनची आमची गाडी होती. मला जाग आली तेव्हा बाबा आंघोळ करून, स्वेटरवर स्वेटर चढवून, खिडकीशी बसले होते. नवा रोल भरून झाला होता. चष्मा नाकावर होता. बाहेर काहीच नव्हतं. गाव धुक्यात गेलं होतं आणि बारीक पाऊस पडत होता.

"ऊन नाही," मी म्हणाले.

"नसू दे. जागा तर त्याच आहेत."

त्या सकाळी नाश्ता आम्ही सोडला. मी छत्री धरली आणि ते काम करत गेले. कालच्या प्रत्येक ठिकाणी ते अचूक त्याच फरशीवर जाऊन उभे राहत. "छत्री थोडी मागे. अजून. आता हलू नकोस." मी त्यांच्या हाताखालचा माणूस झाले होते आणि मला ते आवडत होतं. व्हरांड्याचे पुढचे पाच-सहा खांब स्पष्ट दिसत, मग एकेक करून फिके होत आणि शेवटचे असतील असं नुसतं वाटे. नदीवरचा पूल निम्म्यावर संपत होता. झाडांचा पिवळा रंग काल डोळ्यांवर आला होता, आज तो धुक्यात विरघळल्यासारखा सगळीकडे पसरला होता. दर फोटोनंतर बाबा खटका ओढत आणि डाव्या कळीकडे बघत. ती फिरली की मला म्हणत, "फिरली." मीही म्हणे, "फिरली."

साडेनऊला आम्ही नळापाशी पोचलो. गारठ्यामुळे वाफ कालच्या दुप्पट होती, रस्त्याच्या निम्म्यापर्यंत येत होती. बाई नव्हत्या. बाबा म्हणाले, काल दहा वाजून गेले होते, येतील. दहा वाजले, साडेदहा झाले. एक तरुण पळता पळता थांबून वाफेवर हात शेकून गेला. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. तपकिरी कोट दिसला की बाबा सरसावत. अकरा वाजले. पावसात इतक्या वयाचं माणूस बाहेर पडणार नाही, असं मी म्हणाले. त्यांनाही ते पटलं असावं. त्यांनी रिकाम्या नळाचे दोन फोटो काढले. नंतर कॅमेरा माझ्याकडे देऊन पाण्याखाली रुमाल धरला, थोडा निवल्यावर पिळला आणि चेहऱ्यावर दाबून जरा वेळ उभे राहिले. सामान घ्यायला आम्ही लॉजवर गेलो तेव्हा दोघंही पुरते भिजलो होतो.

सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुलीने आपला कॅमेरा परत घेतला आणि काँप्युटरवर फोटो बघायला बसली. ती भराभर पुढे जात होती. मध्येच थांबून तिने हाक मारली, "ममा, हू इज धिस ग्रँडमा?"

मी बघितलं. नळाशी बाई बाटली धरून हसत होत्या आणि त्यांच्यासमोर बाबा एका गुडघ्यावर, कॅमेरा डोळ्याला लावून. दोघांच्या मधे वाफ. हा फोटो मी शुक्रवारी कधी काढला ते मला आठवतच नव्हतं. छोट्या पडद्यावर बघताना तो आमच्या नजरेतूनही निसटला होता. बाबांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "माझा काम करतानाचा फोटो कुणी काढलेला नाही आजवर." मग पुढे वाकून म्हणाले, "डावीकडचा खांब नको होता. पण चेहरा चांगला पकडलास."

रोल आल्या आल्या अंकलकडे दिला होता, पुढच्या शनिवारी तोआ पायोहला गेलो. अंकलनी रोल धुऊन ठेवला होता. त्यांनी निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर पसरल्या आणि दोघं म्हातारे भिंग हातोहात देत त्यावर वाकले. बाबांनी त्यांना शुक्रवारचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अंकल खूप हसले, मग आपल्याही बाबतीत असं झाल्याचं त्यांनी सांगितलं, तेही एका लग्नात. त्यानंतर धुक्यातल्या खांबांवर बोट ठेवून म्हणाले, "सनी डे, एव्हरीबडी कॅन टेक. धिस वन, नॉट एव्हरीबडी."

तो फोटो त्यांनी मोठा केला, त्यांच्या मागच्या खोलीत, स्वतःच्या हाताने, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावायची परवानगी मागितली. बाबांनी हो म्हटलं. खाली नाव काय लिहू, अंकलनी विचारलं. बाबा गडबडले. खात्याच्या पुस्तकांत आणि अहवालांत त्यांचे शेकड्याने फोटो छापले गेले होते आणि एकाखालीही त्यांचं नाव नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. नावाची गरज नाही असं काहीतरी ते पुटपुटले. अंकलनी ऐकलं नाही. त्यांनी पेन पुढे केलं. बाबांनी फोटोच्या पांढऱ्या कडेवर आधी रोमन लिपीत नाव लिहिलं, मग थोडं थांबून खाली देवनागरीत. शाई वाळेपर्यंत ते फोटोवर हात धरून उभे होते.

जर्मनीला आम्ही दोन फोटो पाठवले. वाफेतला रिकामा नळ बाबांचा, आणि त्या दोघांचा माझा. बाबांनी पत्रात खरं काय झालं ते इंग्रजीत लिहिलं, तीनदा खाडाखोड करून, मग स्वच्छ अक्षरात. महिन्याभराने उत्तर आलं. त्या शनिवारी बाई लेकीकडे गेल्या होत्या. आपण तिथे नसताना नळ कसा दिसतो हे आपल्याला कधी बघायला मिळालं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तो फोटो स्वयंपाकघरात लावल्याचं कळवलं होतं. बाबांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

डिसेंबरमध्ये अंकलकडूनच कळलं की सिंगापुरातही गरम पाण्याचा झरा आहे, सेंबावांगच्या बाजूला, लष्कराच्या जागेत, कुंपणामधून जाणाऱ्या पायवाटेवर. एका रविवारी आम्ही सगळे गेलो. खांब नव्हते, घुमट नव्हता. सिमेंटचा चौथरा, चार नळ आणि घरून बादल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आलेली माणसं. कुणी पाय बुडवून बसलं होतं, कुणी पेपर वाचत होतं, एका कुटुंबाने बादलीत अंडी उकडायला ठेवली होती. आमच्याकडे बादली नव्हती. बाबा नळाजवळ उभे राहून बघत होते, तोवर एका मलाय आजोबांनी आपली दुसरी बादली पायानेच त्यांच्याकडे सरकवली आणि शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. बाबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. गळ्यातला कॅमेरा काढून नातीच्या हातात दिला आणि पट्टा तिच्या मानेत अडकवला.

तिने तो डोळ्याला लावला, काहीच दिसेना म्हणून लेन्सची टोपी काढली आणि विचारलं की आता कुठलं बटण दाबायचं. बाबा पाणी हाताने ढवळत तिला सांगत होते, आधी उजेड बघ, मग माझ्याकडे. शेजारच्या कुटुंबातल्या बाईंनी मला एक अंडं देऊ केलं आणि म्हणाल्या, अजून पाच मिनिटं थांबा, आतून कच्चं असेल.